तासाला दोनशे

“आधी आकडा सांगायचा, मग चहा घ्यायचा,” सम्यकच्या शर्टाची बटणं लावता लावता सुलेखाने पुन्हा बजावलं. “एकदा चहा घेतला की तुमच्या तोंडून काय निघत नाय.”

बायकोकडून बटणं लावून घ्यायची हौस सम्यकला नव्हती. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं महिनाभर बधिर होती. आठ वर्षं रोज बारा-चौदा तास लोकांच्या वेबसाइट बांधल्याचं ते बक्षीस. डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितलं होतं, दिवसाला सहा तास, त्यापुढे एक मिनिट नाही, नाहीतर हात कायमचा जाईल. तास निम्म्याहून कमी झाले तर दर दुपटीच्या वर हवा, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. ते काकासाहेबांना कळवायचं होतं, इतकंच.

काकासाहेब कन्नड तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. सम्यकचे वडील पुंडलिक त्यांच्या देवगाव रंगारीच्या शाळेत तीस वर्षं शिपाई होते. सम्यक शिकून बाहेर पडला तेव्हा संस्थेच्या वेबसाइटचं काम काकासाहेबांनी त्यालाच दिलं. तासाचं काय घेशील, असं त्यांनी विचारलं आणि तिथेच घोळ झाला. या धंद्यात काय मागतात हे सम्यकला कुणी सांगितलं नव्हतं. तास म्हटल्यावर त्याला आठवली थोरली बहीण अपेक्षा. ती त्याच संस्थेच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, एका तासाचे दोनशे रुपये. प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालेल्या ताईपेक्षा जास्त कोणत्या तोंडाने मागायचे? तो दोनशे म्हणाला. ताईचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो, हेही त्याच्या डोक्यात आलं नाही. पुढे तासिकांचे दर सरकारने वाढवले. सम्यकसाठी कोण शासन निर्णय काढणार?

शिवाय तो दर आता त्याचा एकट्याचा राहिला नव्हता. काकासाहेबांनी तो कौतुकाने तालुकाभर सांगितला होता. दवाखाने, लॉन्सवाले, खतांचे दुकानदार, जो तो फोनवर आधी काकासाहेबांचं नाव सांगायचा आणि मग “दोनशे ना?” म्हणायचा. कुणी वाईट वागत नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. भांडायचं तरी कुणाशी?

सम्यकने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा काकासाहेब म्हणाले, रविवारी संस्थेच्या कार्यक्रमाला ये, तिथं निवांत बोलू.

म्हणून तो कन्नडला आला. सभागृहात पुंडलिक पहिल्या रांगेत बसले होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. हे इथे कसे, असं सम्यकच्या मनात येईपर्यंत काकासाहेबांनी त्याला दंडाला धरून स्टेजवर नेलं आणि खुर्चीत बसवलं. काका, थोडं बोलायचं होतं, असं तो दोनदा म्हणाला. चहा आला. त्याने घेतला नाही. मग माईकवर त्याचंच नाव पुकारलं गेलं.

“आठ वर्षं झाली,” काकासाहेब सभेला सांगत होते. “महागाई कुठल्या कुठं गेली, पण ह्या पोरानं दोनशेचा दर एका रुपयानं वाढवला नाय. हाव नावाची चीज ह्याला ठाऊक नाय. आपल्या पुंडलिकाचं पोरगं हाय हे.”

अंगावर शाल आली, हातात नारळ आला, नारळावर सन्मानचिन्ह. सम्यकला लाज वाटली, रागही आला. काकासाहेबांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं, त्यामुळे तो राग धड कुणावर काढताही येईना. आता बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही, एवढं मात्र त्याला कळलं. दोन शब्द बोला, असं म्हणत निवेदकाने त्याच्या हातात माईक दिला.

“काका, तुमचा मान लई मोठा आहे,” तो म्हणाला. “पण एक तारखेपासून माझा दर तासाला पाचशे राहील. हाताला त्रास हाय. सहा तासांच्या वर काम व्हत नाय माझ्याच्यानं.”

काकासाहेबांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मान मागे टाकून ते खदखदून हसले.

“गडी इनोदी बी हाय,” ते म्हणाले.

मग सगळेच हसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सम्यक पुढे काहीतरी म्हणाला, पण माईक तोवर निवेदकाकडे गेला होता. बधिर बोटांतून तो सहज निघाला.

बाहेर पायऱ्यांवर खुलताबादच्या एका डॉक्टरांनी त्याला गाठलं. दवाखान्याची वेबसाइट करायची होती. दोनशेच ना, त्यांनी विचारलं. पाचशे, सम्यक म्हणाला. डॉक्टर पुन्हा हसले, मघाचं चालूच आहे का म्हणाले आणि पाठीवर थाप मारून आपलं कार्ड त्याच्या खिशात घालून गेले.

घरी पोचला तेव्हा सुलेखा दारातच उभी होती.

“सांगितलं का?”

“सांगितलं. माईकवर सांगितलं.”

“मग?”

“टाळ्या वाजवल्या.”

सुलेखाला कळेना. “कुणी?”

“सगळ्यांनी,” तो म्हणाला. “बाबांनी पण.”