मौनीबाबाला वाचा फुटली तेव्हा

मी टीव्हीखालचा काळा डबा बोलतोय. हो, तोच. ज्याच्या पंख्याच्या घरघरीला या घरात सगळे नावं ठेवतात.

माझ्यासारखा दुकानात मिळत नाही. माझं खोकं एका कचेरीने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरचं, डिस्क कुणाची तरी वापरलेली, आणि केबल जोडायचं कार्ड तेवढं नवं कोरं. माझे मालक वजनकाटे दुरुस्त करतात. त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर जोडायला घेतलं, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "आता जेवायचं कुठे? याच्या डोक्यावर?" पण मी घडलो तो त्यांच्यासाठीच. त्या हॉस्पिटलात नर्स. ड्यूटीच्या वेळेचा काही नेम नाही, म्हणून त्यांचे कार्यक्रम मी डिस्कवर टिपून ठेवायचे.

या घरात चॅनेलचं खरं नाव कुणी घेत नाही. मालिकांचं चॅनेल म्हणजे 'नळ', कारण तिथे सतत कुणीतरी रडत असतं. बातम्यांचं म्हणजे 'भांडण'. आणि शहरातल्याच लोकांचं एक छोटं चॅनेल होतं, त्याचं चित्र यायचं पण आवाज कधीच आला नाही. त्याचं नाव 'मौनीबाबा'.

मग केबलवाल्याने सगळं डिजिटल केलं आणि माझी पाटी कोरी झाली. मालकांनी मला नव्याने चॅनेल शोधायला बसवलं. मी सगळी केबल धुंडाळली आणि सापडलं ते समोर ओतलं. काही चॅनेल कुलूपबंद, काही दोनदोनदा, बरीचशी बिननावाची. मालक एकेक उघडून त्याला घरातलं नाव द्यायचे. सोफ्यावरून त्यांचे बाबा मदत करायचे. बाबांना अंधुक दिसतं, ते टीव्ही ऐकतात. "हं, हे भांडण," ते म्हणायचे. "हा नळ." मग एक चॅनेल आलं. एका पुलाचं चित्र, आवाज शून्य.

"सापडला मौनीबाबा!" मालक खूश झाले.

"अजून तसाच का बिचारा!" बाबा हळहळले.

मालकांनी नाव दिलं, कंटाळून उरलेली चॅनेल तशीच सोडली, आणि त्यावरचा कार्यक्रम टिपायची वेळ लावायच्या कामाला लागले.

एवढी घाई कशाची, तर मालकीणबाईंच्या धाकट्या भावाची. तो प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांची देखभाल करतो. बोलताना अडखळतो. शाळेत एकदा स्टेजवर शब्द अडला आणि तो पळून गेला. तेव्हापासून चारचौघांत त्याने तोंड उघडलं नव्हतं. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. आता त्याच छोट्या चॅनेलवर त्याची मुलाखत होती. थेट, आणि पुन्हा दाखवणार नव्हते. ताईची नेमकी दुपारची ड्यूटी.

"अहो, नीट लावलंय ना?" निघताना त्यांनी विचारलं. "तो चांगला बोलला नाही तरी चालेल. पळाला नाही ना, एवढंच मला बघायचंय."

"लावलंय गं," मालक म्हणाले आणि दुकानात गेले.

वेळ झाली. माझा लाल दिवा लागला आणि मी इमानेइतबारे त्या मुक्या पुलाचं चित्र टिपायला लागलो.

आता माझी एक सवय सांगतो. एक चॅनेल टिपताना मी दुसरं दाखवू शकतो. आणि जे दाखवतो, तेही मागचं थोडं गुपचूप साठवतो. कुणी चॅनेल बदललं की मात्र पुसून टाकतो. जेवणानंतर बाबा एका बिननावाच्या चॅनेलवर थांबले होते. तिथे कुणी बाई कुंड्यांबद्दल सावकाश बोलत होत्या. बाबांचा डोळा लागला.

"न... न... नमस्कार."

बाबा ताडकन उठून बसले. आवाज ओळखीचा होता. त्यांनी चाचपडत दुकानात मुलाला फोन लावला.

"अरे, सूनबाईचा भाऊ बोलतोय! पण तुझा मौनीबाबा नव्हे हा, भलतीकडेच आलोय मी."

"भलतीकडे म्हणजे कुठे?"

"मला काय दिसतंय? इथे!"

मग मालकांच्या डोक्यात प्रकाश पडला. डिजिटल झाल्यावर मौनीबाबाला वाचा फुटली होती, आणि आम्ही सगळे मुकंच चॅनेल शोधत बसलो होतो. तो पूल होता केबलवाल्याच्या सूचनांच्या चॅनेलवर.

"बाबा, चॅनेल बदलू नका! रिमोटवर मी चिकटपट्टी लावलेलं टिपायचं बटण आहे बघा, ते दाबा. तेवढंच."

बाबांनी रिमोट हातात घेतला. बोट घसरत घसरत नेमकं चॅनेल बदलायच्या बटणावर येऊन टेकलं. ते दाबलं असतं तर सगळं मातीत गेलं असतं. बोट सरकलं. चिकटपट्टी सापडली. त्यांनी दाबलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. अगदी त्या नमस्कारासकट सगळं माझ्याकडे होतं.

संध्याकाळी मालकीणबाई खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता टीव्हीसमोर बसल्या. भाऊ बोलत होता, एका घुबडाच्या पिलाबद्दल. मध्येच शब्द अडला. ओठ हलले, आवाज नाही. मुलाखत घेणारी मदतीला पुढे झाली, तर त्याने हात वर करून तिला थांबवलं. खोलीत कुणी हललं नाही. मग शब्द आला, आणि त्यामागून पुढची सगळी गोष्ट आली.

"नाही पळाला!" मालकीणबाई रडत हसत म्हणाल्या. बाबांनी रिमोट नातवासारखा मांडीवर धरला होता. "अहो, जरा मागे घ्या ना."

"बोलतो तिथे?"

"नाही. थांबतो तिथे."

आता मालकांनी सगळ्या चॅनेलना नीट नावं दिली आहेत. मौनीबाबाचं नाव मात्र बाबांनी बदलू दिलं नाही. मी म्हातारा झालोय. केबलवाला स्वतःचा छोटा, बिनआवाजाचा डबा देणार आहे म्हणे. खुशाल आणा, माझी तक्रार नाही. मला काढण्याआधी तेवढी एक मुलाखत उतरवून घ्या, म्हणजे झालं.

मला निवांत जाता येईल. कारण तो शब्द अडला होता ना, तेव्हा घरात फक्त माझ्या पंख्याची घरघर ऐकू येत होती, आणि त्या दिवशी तिला कुणीही नावं ठेवली नाहीत.