ह्यात काही नाही ना?

आमच्या आईनं उभ्या जन्मात 'अंडं' हा शब्द तोंडातून काढलेला नाही. खाणं तर लांबच. तिचा शब्द 'काही'. "ह्यात काही नाही ना?" एवढंच ती विचारते आणि बाकीचं समोरच्यानं ओळखायचं. एकदा बेकरीत तिनं असंच विचारलं, तर बेकरीवाला बिचारा बोटांवर मोजून सांगायला लागला, "साखर आहे, लोणी आहे, मैदा आहे, वेलची आहे." आई म्हणाली, "ते नाही हो. काही आहे का?" तो माझ्याकडे बघायला लागला. बाबा होते तेव्हा तिला चिडवायचे, "अगं, कोंबडीसुद्धा एवढी लाजत नाही." आई चिडायची, आणि तरी 'काही'च म्हणायची.

बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, त्याला सहा वर्षं झाली. बाहेरच्या खाण्याला ती शिवत नाही. कुणाच्या लग्नाला गेली तरी घरून डबा नेते आणि कोपऱ्यात बसून खाते, लोक काय म्हणतील ते म्हणोत. माझ्या स्वयंपाकघरात मात्र ती निर्धास्त असते. आणि दिवाळीत मी आणि ताई मिळून बिनअंड्याची बिस्किटं करतो, ती आई मिटक्या मारत खाते. ताई त्यांना 'एगलेस कुकीज' म्हणते, आई 'मुलींची बिस्किटं' म्हणते.

साठ नग करतो. पणत्या, कमळं आणि चांदण्या. सणाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आई स्वतः ते ताट देवळात घेऊन जाते, देवापुढे ठेवते आणि मग तिथल्या बायकांना वाटते. त्यात दोघी तिच्यासारख्याच आहेत, कुठल्याही घरचं न खाणाऱ्या. त्यांना ती सांगते, "माझ्या मुलींच्या हातचं आहे, डोळे मिटून खा." आणि त्या खातात.

ताट उचलण्याआधी ती दरवर्षी एकदा विचारते. ताईला नाही, मला. "मोठी गोड बोलते आणि धाकटी खरं बोलते," असं ती आल्यागेल्याला सांगते. ताईला त्याचा राग येतो, मला आतून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? तर ती मला विचारते, "ह्यात काही नाही ना?" आणि मी म्हणते, "काही नाही, आई." झालं. तेवढ्यावर ती ताट उचलते.

आमची कामं वाटलेली आहेत. पीठ माझं, नक्षी ताईची. लोणी आणि साखर फेसायची, मैदा चाळून घालायचा, अंड्याच्या जागी दोन चमचे घट्ट दही, आणि गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा. माझ्या हातची पणती भाजताना पसरत नाही, कड धरून राहते. दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोन उचलणाऱ्या बाईला एवढं एक जमतं, त्याचं मला कौतुक आहे. ताई बालवाडीत शिकवते, चित्रं काढून काढून तिचा हात असा बसलाय की आयसिंगच्या कोनातून रेघ सोडली की केसभर इकडची तिकडे होत नाही. आधी जाड आयसिंगची कड काढायची, मग पातळ आयसिंग आत सोडायचं आणि टोकदार काडीनं ओढून पाकळी करायची. बघत राहावं असं काम.

पण आयसिंग पूर्वी असं नव्हतं. दळलेली साखर, दूध आणि लिंबाचे चार थेंब, बस्स. ते कधी धड वाळायचं नाही. पाच वर्षांपूर्वी पणत्यांच्या सगळ्या ज्योती ओघळून खाली आल्या, आणि देवळातल्या चष्मेवाल्या काकूंनी ताईला तोंडावर विचारलं, "हे काय गं, शेंगदाणे काढलेत का?" मी हसून हसून बेजार झाले. ताई आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही.

पुढच्या वर्षी तिनं एक डबा आणला. वरचा कागद खरवडून काढलेला आणि मार्करनं लिहिलेलं, 'चमक'. दोन चमचे पावडर पाण्यात भिजवली, साखरेत घालून फेटली, आणि काय सांगू, आयसिंग ताठ उभं! वाळल्यावर नखानं टिचकी मारली तर टक् वाजायचं. मी विचारलं, "हे आहे तरी काय?"

"चमक. बेकरीवाले वापरतात."

"ह्यात काही नाही ना?" मीसुद्धा आईच्याच शब्दात विचारलं. दुसरा शब्द आम्हाला येतोय कुठे!

"काही नाही गं," ताई म्हणाली.

मी परत विचारलं नाही. सख्ख्या बहिणीला माणूस किती वेळा विचारतं?

ह्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी ताईनं चाळीस नग रंगवले आणि वीस कोरे राहिले. सणाच्या दिवशी तिच्या बालवाडीत मुलांचा कार्यक्रम होता, म्हणून तिनं दुपारी फोन केला, "मला यायला साडेतीन होतील. तू चमक भिजवून ठेव. माझी पिशवी तुझ्याकडेच आहे."

मी पिशवी उघडली. डब्यात तळाला नुसती भुकटी राहिली होती. त्याच्याखाली एक नवं पाकीट होतं, न फोडलेलं. ते डब्यात ओतायला तिला वेळ झाला नसावा. मी कात्री घेतली, आणि किती चमचे घालायचे ते बघावं म्हणून पाकीट उलटं केलं. बारीक अक्षर होतं, चष्मा लावावा लागला. घटक: वाळवलेला अंड्याचा पांढरा भाग, साखर, स्टार्च. खाली ठळक अक्षरात, 'अंडी असलेला पदार्थ'. मी तीनदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसले.

समोर चाळीस बिस्किटं मांडलेली होती. पांढरीशुभ्र कमळं, प्रत्येक पाकळी वेगळी. आत आई देवळात जायची साडी पलंगावर काढून ठेवत होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. चार वर्षं. चार वर्षं मी हिच्या डोळ्यांत बघून 'काही नाही' म्हणत आले होते!

ताई साडेतीनला आली, घाईघाईत, गालाला मुलांचा रंग लागलेला. "भिजवलंस का?" म्हणाली. मी पाकीट तिच्यापुढे धरलं.

तिनं ते बघितलं आणि आधी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. तेवढ्यानंच मला सगळं कळलं.

"हळू बोल," ती म्हणाली.

"बोलते हळू. हे काय आहे?"

"अगं, पावडर आहे ती. त्यात अंड्यासारखं तुला काय दिसतंय?"

"लिहिलेलं दिसतंय!"

"बिस्किटात नाहीये ना? बिस्किट बिनअंड्याचंच आहे. वरच्या नक्षीत चिमूटभर. आई 'काही' म्हणते म्हणजे त्याला काही अर्थ आहे का? चिमूटभर म्हणजे काही नव्हे."

मला वाटलं, हिला एक ठेवून द्यावी. बालवाडीतली पोरंसुद्धा असली कारणं देत नसतील. "ताई, तिनं ते देवापुढे ठेवलंय. त्या दोघींना खायला घातलंय. माझ्या शब्दावर!"

"म्हणून तर तुला सांगितलं नाही," ताई म्हणाली. आणि हे ती अगदी साधेपणानं म्हणाली, समजूत घालावी तसं. "तुला खोटं बोलता येत नाही. सांगितलं असतं तर तुझा चेहरा पडला असता आणि आईला लगेच कळलं असतं. तुला माहीत नव्हतं म्हणूनच ते खरं वाटत होतं."

म्हणजे विसरली नव्हती, चुकून झालं नव्हतं. कागद खरवडला, नाव बदललं आणि माझं तोंड वापरलं. लहानपणी हिनं फुलदाणी फोडली की मी खरंच झोपलेली असायचे, आणि बाबा म्हणायचे, "धाकटी म्हणतेय ना आवाज आला नाही, मग मांजरच असेल." तेव्हा मला ती गंमत वाटायची. आता मला संताप आला होता.

"आईला सांग," मी म्हणाले.

"वेड लागलंय का? सणाच्या दिवशी? अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती. ह्या वेळचं जाऊ दे, पुढच्या वर्षीपासून लिंबू घालू, शपथ."

"हे चाळीस देवळात जाणार नाहीत."

"मग काय सांगशील?"

तेवढ्यात दार उघडलं. आई साडी नेसून तयार होती, डोक्याला थोडं तेल, भांग नीट. ताटाकडे बघून तिचा चेहरा फुलला. "बाई बाई, किती सुंदर! मोठीच्या हातात जादू आहे." मग ती माझ्याकडे वळली, दरवर्षीसारखी. "ह्यात काही नाही ना गं?"

ताई घाईनं म्हणाली, "आई, उशीर होतोय, मी ताट बांधून देते."

"आहे, आई," मी म्हणाले.

आईला आधी समजलंच नाही. ती हसत होती तशीच हसत राहिली. मग खुर्चीच्या पाठीला हात लावून बसली. "कशात?"

"वरच्या पांढऱ्यात."

"ह्या वर्षी?"

"चार वर्षं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पदरानं ओठ पुसायला लागली. पुसत राहिली. मग विचारलं, "कुणी घातलं?"

मी ताईकडे बघितलं. मनात म्हटलं, बोल, बाई, आता तरी बोल. मी थांबले तिच्यासाठी, खरंच थांबले. ताई नळाखाली कोनाची पत्र्याची टोकं धूत होती, धुतलेलीच परत धूत होती.

"ताईनं," मी म्हणाले. "डबा ताईनं आणला."

ताई वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, हे मी तिची बहीण म्हणून सांगते. "आई, देवाशपथ, मी वाचलंच नव्हतं गं. दुकानदारानं दिलं, मी आणलं. आज हिनं वाचून दाखवलं तेव्हा मलाच धक्का बसला."

"ताई! खोटं!" मी किंचाळले. "कागद तूच खरवडलास! आत्ता मला म्हणालीस ना की—"

"पुरे," आई म्हणाली. सणाच्या दिवशी घरात आवाज चढलेला तिला चालत नाही. ती ताईकडे बघतसुद्धा नव्हती, माझ्याकडे बघत होती. "तिनं वाचलं नाही. तिचं तसंच असतं, हाताला येईल ते उचलते. म्हणून मी तिला कधी विचारलं नाही. मी तुला विचारत होते. तू वाचलं होतंस?"

"नाही."

"मग मला कशावरून सांगत होतीस?"

"ताईवरून," मी म्हणाले.

आईनं मान हलवली, पटल्यासारखी नाही, हिशेब मोजून झाल्यासारखी. मी धावत कोरी बिस्किटं पुढे केली. "आई, ही वीस साधी आहेत. माझी आहेत, ह्यांत फक्त दही आहे, मी स्वतः घातलंय. ही ने ना देवळात."

तिनं एक पणती हातात घेतली, उलटी करून बघितली आणि परत ताटात ठेवली. "नको," म्हणाली. "फुलं नेते नुसती. त्या दोघींना काय सांगायचं ते मी बघते."

मला रडू आवरेना. चार वर्षं ताईनं मला फसवलं होतं, आणि मी खरं बोलले त्या क्षणी आईचा विश्वास उडाला तो माझ्यावरून! ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आईनं हात वर केला होता, आणि तिच्या त्या हातापुढे मी पन्नाशीतसुद्धा गप्प बसते.

ती फुलं घेऊन दारापर्यंत गेली, चपला घातल्या आणि तिथूनच म्हणाली, रागानं नाही, सोय लावावी तशी, "उद्यापासून माझं मी शिजवीन. मला एक लहान पातेलं वेगळं काढून ठेव गं."

मी जागची हलले नाही. ताईनं डोळे पुसले, माझं फडताळ उघडलं, खालच्या कप्प्यातलं सगळ्यात लहान पातेलं काढलं, नळाखाली दोनदा विसळलं आणि ओट्यावर वेगळं ठेवलं.

"काढलंय गं, आई," ती म्हणाली.