देवखडकावरची गाडी

उंबरकोंडात दत्तारामविषयी दोन मतं होती. मुंबईत राहून त्याचं डोकं फिरलं, हे एक. ते आधीच फिरलेलं होतं म्हणून तो मुंबईला गेला, हे दुसरं. तिसरं मत एकट्या धोंडूबाईचं, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाच्या विधवेचं होतं, आणि ते ती त्याला तोंडावर ऐकवायची. "भावोजी, तुम्ही मानूस वाईट नाय. तुम्हाला काम नाय."

काम नव्हतं हे खरं. ज्या टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात त्याची हयात गेली, ते सीडी आल्यावर बंद पडलं. बायको मीना लेकाच्या बिऱ्हाडी नातवंडांत रमली होती. भाऊ वारल्यावर घराकडे बघायला वहिनीशिवाय कुणी नाही, म्हणून दत्ताराम पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीवर आला, आणि मग घरच त्याच्याकडे बघत बसलं.

आषाढात एके सकाळी छत्री शोधायला त्याने ट्रंक उघडली. छत्री नव्हती. गाडी होती.

तरुणपणी दुकानात दुबईहून आलेल्या रिमोटच्या गाड्या दुरुस्तीला यायच्या. सगळ्या पळणाऱ्या. पळायचं आणि भिंतीवर आपटायचं, यात कसब काय, असं दत्तारामला वाटे. त्याला चढणारी गाडी हवी होती. एकेक चाक चाचपत, म्हातारी जिना चढते तशी दगडावरून दगडावर जाणारी. एक गिऱ्हाईक आपला ट्रक न्यायला परत आलंच नाही. तो लाल ट्रक त्याने मालकाला विचारून घरी नेला, त्यातला वेग काढला आणि ताकद घातली. मग लग्न झालं. खोलीत पाळणा मावणार होता किंवा गाडी. पाळणा जिंकला.

आता पाळण्यातला पोरगा स्वतः टकला झाला होता, तेव्हा हरकत घ्यायला कुणी उरलं नव्हतं. दत्तारामने छत्रीचा शोध थांबवला आणि शेजाऱ्याच्या मोडक्या छत्रीच्या काड्या मागून आणल्या. त्या काड्यांचे दांडे लावल्यावर गाडीचं एक चाक खड्ड्यात आणि दुसरं धोंड्यावर, अशी कसरत जमू लागली. महामार्गावरच्या पंक्चरवाल्याने ट्यूबचं रबर दिलं, ते चाकांवर चढलं. सावित्रीत जाळी टाकणाऱ्यांकडून शिशाचे मणी आले, ते वजनासाठी चाकांच्या पोटात गेले. टायरमध्ये भरायला स्पंज लागला, तो एसटीच्या सीटमधून आपण होऊन बाहेर आलेला होता. दत्तारामने फक्त त्याला घरी आणलं.

सगळ्यात मोठी करामत मळसूत्री गियरची. मोटर चाकाला फिरवी, पण चाक मोटरला फिरवू शकत नसे. म्हणजे कड्यावर चढता चढता रिमोटवरचा अंगठा उचलला, तर गाडी होती तिथे खिळ्यासारखी बसे. ढकललं तरी चाक हलायचं नाही. चाकं फिरतात की अडलीत हे लांबून कळावं म्हणून त्याने टायरवर चुन्याचे पट्टे ओढले. लाल गाडी, पांढरे पट्टे. धोंडूबाई म्हणाली, "नवरीसारखी नटवलीत. आता वरात कुठं न्येताव?"

वरात देवखडकावर गेली.

वाडीत दोन आळ्या, वरची आणि खालची, आणि दोन्हींच्या डोक्यावर देवखडक. खडकावर शेंदूर फासलेला राखणदार, कमरेएवढा उभा धोंडा. अलीकडे देवाच्या पायाशी मोबाईलला रेंज येते असा शोध लागल्यापासून वाडीत भक्ती वाढली होती. खडकाच्या उतारावर लहानमोठे धोंडे विखुरलेले होते, आणि दत्तारामने त्यांना नावं दिली होती. चपट्याला 'पाट', गोल काळ्याला 'म्हशीची पाठ'. सगळ्यात वर, देवाच्या अगदी खाली, दोन धोंड्यांमधली अरुंद फट म्हणजे 'अडकित्ता'. तिथे गाडी सुपारीसारखी अडके. दत्ताराम घरी येई, दांडा वाकवी, मणी सरकवी, पुन्हा जाई; गाडी पुन्हा अडके.

आणि एका दिवशी, रात्रभराच्या झडीनंतर, गाडी अडकित्त्यातून सरळ निघाली. घासलीसुद्धा नाही.

दत्तारामला इतका आनंद मुलगा झाल्यावरही झाला नव्हता. हे त्याने मीनाला कधी सांगितलं नाही, ते ठीकच. तो चिखल तुडवत घरी आला. "वहिनी, जमलं! मणी मागं घेतले ना, त्याचा गुण."

"मग आता जेवा," धोंडूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडी अडकित्त्यातून गेली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना बोटं शिरतील एवढी जागा होती. तिसऱ्या खेपेला दत्तारामने फटीच्या तळाशी उघडलेल्या चिरेत हात घातला. पंजा आत गेला. मग कोपर गेलं. आत गार वारा लागला आणि कुठूनतरी खोलातून पाण्याचा आवाज आला, जसं घराच्या खाली कुणी नळ चालू ठेवावा. सुधारणा गाडीत झालीच नव्हती. डोंगरात झाली होती.

तो तिथेच ओल्या दगडावर बसला. नेमक्या खाली, खालच्या आळीच्या टोकाला, पहिलंच छप्पर धोंडूबाईचं होतं. चुलीचा धूर कौलांतून निघत होता.

त्याने वाडी गोळा करून वर आणली. वरच्या आळीचा श्रीपत आला, खालच्या आळीचा चांगू आला, देवाचा गुरव रामजी आला. दत्तारामने फट दाखवली. पण फटीकडे कुणी बघेना. सगळे देवाकडे बघत होते.

"अरे," चांगू म्हणाला, "देव झुकलाय."

झुकला होता. वर्षानुवर्षं ताठ उभा असलेला राखणदार पुढे वाकला होता, खालच्या आळीच्या अंगाला. चांगूने टोपी काढली. श्रीपतचा चेहरा पडला.

शिमग्याला देवाची पालखी आधी कुणाच्या दारात थांबावी, हा उंबरकोंडातला जुना आजार. त्यापायी दोन आळ्यांत सोयरीक होत नव्हती, मयताला मात्र एकमेकांकडे जात. आणि आता देवानेच कल दिला होता.

"देवानं मान दिला रे खालच्यांना," चांगू म्हणाला.

"मान देतोय का मान टाकतोय, काय सांगावं?" श्रीपत म्हणाला.

"अहो, डोंगर सुटतोय!" दत्ताराम ओरडला. "ही फट बगा! माझी गाडी अडकायची हितं!"

"तुझी गाडी कुठं अडकायची त्याच्यावर देवाची बाजू ठरवायची का आता?" श्रीपतने विचारलं, आणि या एका मुद्द्यावर दोन्ही आळ्या एकत्र हसल्या.

दत्तारामने पोलादपूरला जाऊन कळवलंही. दरडींतलं कळणारे एक साहेब पुण्याहून वरंध घाटाने निघालेसुद्धा. पण घाटात दरड आली, म्हणून माघारी गेले.

घरी वेगळाच प्रकार सुरू झाला होता. देवाच्या नाकासमोर नेमकं धोंडूबाईचं दार. नवरा गेल्यापासून जिला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नव्हतं, तिच्या उंबऱ्याला हात लावायला आता बायका येऊ लागल्या. चांगूची येसूबाई तर नारळ घेऊन आली. धोंडूबाईने जुनं इरकली लुगडं नेसून तिला पाट दिला.

"वहिनी, हितून निघूया," दत्ताराम म्हणाला. "पाऊस सरेपर्यंत महाडला खोली घेतो."

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "भावोजी, तुमचे भाऊ गेले तवापासून हे दार बाय-मानसांनी ओलांडलं नव्हतं. देव माझ्या दाराकडं वाकलाय, आन् मी दार लावून महाडला जाऊ?"

"तो तुमच्याकडं वाकला नाय. पडतोय."

"मग माझ्याच अंगणात पडू दे," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या कशाला?"

रात्री भिंतीत टकटक व्हायची. उंदीर, धोंडूबाई म्हणे. पण उंदीर वाडीतून केव्हाच निघून गेले होते. मांजर उपाशी होतं.

शेवटी दत्तारामने डोंगर सोडला आणि देव धरला. तो रामजी गुरवाकडे गेला. "रामजी, देव वाकडा उभा ऱ्हाणं बरं दिसतं का? सरळ करायला नको?"

रामजी कितीतरी दिवस याच चिंतेत होता, कारण वाकलेल्या देवाच्या डोक्यावरचं फूल टिकत नसे. "करायला पायजे. पण आसन हलवायचं तर रीत हाय. देव आसनावरून सुटला की त्याची नजर उघडी. त्या येळी नजरेखाली चूल पेटायची नाय, जनावर बांधायचं नाय, मानूस थांबायचा नाय. आख्खी वाडी वढ्यापल्याड. आमच्या आज्यानं केलं होतं."

"मंग तेच करा," दत्ताराम म्हणाला, आणि आपल्या आवाजातली घाई त्याने खोकून झाकली.

वरची आळी तात्काळ तयार झाली; देव सरळ झाला की मानाचा प्रश्न मिटला. खालची आळी बिथरली. तेव्हा कौल लावायचं ठरलं. रामजीने ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एरवी त्या पडायला दुपार व्हायची, माणसं तंबाखू मळत बसायची. रामजीने हात काढला, आणि साऱ्या पाकळ्या एकदम समोर गळून पडल्या.

माणसं पुढे सरकून पाकळ्या बघू लागली.

"ह्याचा अर्थ काय, रामजी?" चांगूने हळूच विचारलं.

रामजीने ओठ ओले केले. "काय की. देव येवढ्या घाईनं कदी बोलला नाय."

त्यानंतर नाही म्हणायचा धीर खालच्या आळीलाही झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी निघाली. ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडून पलीकडच्या शाळेत गुरं, कोंबड्या, गोधड्या आणि दोन्ही आळ्या दाटीवाटीने बसल्या. धोंडूबाई आली, पण सगळ्यात शेवटी, आणि घराकडे तोंड करून बसली. दुपारी रामजी आणि चारजण पहारी घेऊन वर जायचे होते. तोवर देवाजवळ राखणीला माणूस चालत नव्हता. "मग माझी गाडी ठेवतो," असं म्हणून दत्तारामने पहाटेच गाडी देवाच्या पायाशी उभी करून ठेवली होती. शाळेच्या पडवीतून ती दिसत होती. हिरव्या डोंगरावर कुंकवाचा ठिपका.

पाऊस थांबला. इतका थांबला, की ओढ्याचाही आवाज येईना. भर पावसाळ्यात ओढा आटत चालला होता, आणि सगळ्यांना वाटलं, बरं झालं, साकवावरून जायला सोपं.

"काय होत नाय," श्रीपत म्हणाला. "उगाच गुरं उपाशी."

"गाडीवाल्याच्या नादी लागलो," चांगूने दुजोरा दिला. मानाच्या भांडणानंतर दोघं एका बाकावर बसल्याचं वाडीने पहिल्यांदाच पाहिलं.

येसूबाईने चहा केला. दत्तारामने पेला घेतला आणि रिमोट बाकावर ठेवला. तेवढ्यात त्याला धोंडूबाईची जागा रिकामी दिसली.

ती साकवावर पोचली होती. हातात तेलाची बुधली.

"वहिनी! कुठं?"

ती न वळता म्हणाली, "दारात दिवा नाय. देव तिकडं बगतोय आन् माझं दार अंधारात. दिवा लावते आन् येते."

"वहिनी, मागं या! तुम्हाला भावाची आण हाय!"

"त्यांच्यासाठीच लावते," ती म्हणाली आणि साकवाच्या वाडीकडच्या टोकाशी गेली. तिथे थबकली. वर बघितलं.

लाल ठिपका हलला होता. गाडी देवाच्या पायाजवळून निघून सावकाश खाली येत होती. म्हातारी जिना उतरते तशी, सरळ धोंडूबाईच्या घराच्या दिशेने.

पडवीत हशा पिकला. "अरे दत्ताराम," श्रीपत ओरडला, "वहिनीला आडवी घालतोस काय गाडी? रिमोटनं?"

धोंडूबाईलाही तसंच वाटलं. ती रागाने वळली. "भावोजी, पुरे झाला तुमचा खेळ! थांबवा ती!"

दत्ताराम उभा राहिला. त्याच्या दोन्ही हातांत चहाचा पेला होता. रिमोट बाकावर, चांगूच्या टोपीशेजारी पडला होता.

हशा एकेका माणसावरून विझत गेला.

धोंडूबाईने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग पुन्हा गाडीकडे. ती सगळ्यांत जवळ होती, तिला सगळ्यांत आधी दिसलं. "भावोजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम पोरीसारखा झाला, "पट्टे फिरत नायत. चाकं उभी हायत."

चाकं उभी होती. मळसूत्र घट्ट होतं, गाडी होती तिथेच खिळ्यासारखी बसली होती. तिच्यामागे पाट येत होता, म्हशीची पाठ येत होती, अडकित्त्याचे दोन्ही जबडे येत होते. आणि आवाज कशाचाच नव्हता, अजून.

धोंडूबाईच्या हातून बुधली सुटली. तिने पलीकडे टाकलेलं पाऊल उचललं, अलीकडे ठेवलं, आणि पदर खोचून साकवावरून अशी धावली, की दत्तारामला भावाच्या लग्नात उखाणा घ्यायला लाजून पळालेली नवरी आठवली. त्याने पेला टाकला आणि तिचा हात धरून तिला पडवीवर ओढलं. दिराने भावजयीचा हात धरला, पण त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही.

तेव्हा आवाज आला.

तो सुरू असताना रामजी गुरव हात जोडून वर बघत होता. खडक घसरताना मागच्या अंगाला कलला होता, आणि त्याच्यावर बसून राखणदार येत होता. धुळीत आणि चिखलात शेवटचा दिसेनासा होईपर्यंत तो ताठ होता, अगदी आज्याच्या काळी होता तसा.

"सरळ झाला," श्रीपत पुटपुटला.

आता तो कुठल्याच आळीकडे झुकलेला नव्हता. आळ्याही नव्हत्या.