छातीतला सूर आणि टाचण्यांची दाढी

शिंप्याच्या दुकानात कापड बेतायला टेबल उरलं नव्हतं, त्यावर नादबाबा बसला होता. मापं द्यायला आलेली गिऱ्हाइकंही हात जोडून उभी. बाबाने लाल फडक्यात गुंडाळलेला ‘सिद्ध खडा’ शिंप्याच्या डाव्या छातीवर टेकवला, आणि आतून बारीक सूर निघाला. टींऽऽ!

“ऐकलंत? आतलं पिशाच्च रडतंय!”

“रडतंय, महाराज, रडतंय!” शिंप्याच्या धाकट्या भावाने सगळ्यांच्या आधी लोळण घेतली.

शिंप्याची बायको कोपऱ्यात काजं करत होती. नवऱ्याच्या छातीत पिशाच्च नव्हे, डॉक्टरांनी बसवलेलं यंत्र आहे, हे तिला ठाऊक होतं. हृदयाचा ठोका बेताल झाला की ते आतून झटका देऊन त्याला ताळ्यावर आणायचं. दोनदा त्याने जीव वाचवला होता. पण शिंपी मरणाहून त्या झटक्यालाच भ्यायचा. “आतून कुणी मोगरी हाणावी तसं होतं गं,” म्हणायचा.

“खडा छातीला बांधून ठेव,” बाबा म्हणाला. “झटका येणार नाही. आणि पडलास तरी कुणी शिवायचं नाही! पिशाच्च निघताना शिवेल तो जागीच भाजेल.”

“आधी डॉक्टरांना विचारू या,” बायको म्हणाली.

“माझ्या वाटचे झटके डॉक्टर खातो का?” शिंपी वैतागला. “चार दिवस सुखाने झोपू दे मला.”

तिने पुन्हा काजाला सुई घातली. छातीजवळ लोहचुंबक नको, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून सांडलेल्या टाचण्या वेचायचं चुंबक तिने दुकानातून घालवलं होतं. तेव्हापासून ती टाचण्या बोटांनी वेचायची. काळं चुंबक दुकानाबाहेर गेलं, लाल फडक्यातलं पट्टीने छातीवर आलं. अक्कल गहाण टाकली की असंच होतं.

पुढच्या वेळी बाबा नवी गर्दी घेऊन आला, तेव्हा शिंपी कोट बेतत होता. मधेच त्याची कात्री थांबली. टाचण्यांच्या डबीवर हात आपटून तो सांडलेल्या टाचण्यांवर पालथा कोसळला. हाक मारली तर ओ नाही, श्वास नाही.

“शिवू नका! समाधी लागली!” बाबा ओरडला. गर्दी मागे सरली. भावानेही पाय मागे घेतला.

“वहिनी, भाजाल!”

“भाजू दे! तू अँब्युलन्सला फोन लाव आधी!”

तिने नवऱ्याला उताणं केलं. छाती दाबायला हात टेकवला आणि थबकली. लाल फडक्याला टाचण्यांची दाढी फुटली होती! टाचण्या कशाला चिकटतात, हे शिंप्याच्या घरात कुणी सांगायला नको. तिने पट्टी ओरबाडून खडा भिरकावला आणि दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे छातीच्या मधोमध जोरजोरात दाबू लागली. थोड्याच वेळात शिंप्याचं अंग ताडकन उडालं. तिच्या तळव्यांना मुंग्या आल्या, एवढंच. शिंपी कण्हला. श्वास सुरू झाला.

“पाहिलंत? माझ्या कृपेने उठला!” बाबा म्हणाला. निर्लज्जपणाला टाका घालायचा तरी कुठे?

दवाखान्यात डॉक्टरांनी भावासमोर, पडद्यावर ठोके बघत, शिंप्याच्या छातीवर क्षणभर चुंबक धरलं. टींऽऽ!

“घ्या, मीही बाबा झालो!” डॉक्टर म्हणाले. “या जातीचं यंत्र चुंबक लागलं की सूर काढतं. आणि चुंबक असेपर्यंत झटका देत नाही. तुमच्या बाबाने पिशाच्च नाही, राखणदार बांधून ठेवला होता.”

भाऊ खाली मान घालून म्हणाला, “मग वहिनी भाजल्या कशा नाहीत?”

“शिवणाऱ्याला फार तर मुंग्या येतात, भाजत कुणी नाही. माणूस पडला, श्वास नसला, की फोन करा आणि छाती दाबा. यंत्र असो वा नसो.”

माणसांनो, चमत्काराला हात जोडण्याआधी त्याचं फडकं सोडून पाहा. आणि जो ‘शिवू नका’ म्हणतो, त्याला आधी बाजूला सारा. शिंपी आज पुन्हा कोट बेततो. टाचण्या मात्र भावानेच वेचायच्या, बोटांनी, एकेक. वहिनीची तशी सक्त ताकीद आहे.