करडगी

बजरंगनं ट्रंकेच्या कडीवरची लाख अंगठ्याच्या नखानं पुन्हा एकदा चाचपली. लाख शाबूत होती, तिच्यावरचा शिक्काही स्पष्ट होता. कोठी सांभाळणाऱ्या माणसाला याचं समाधान वाटायला हवं. पण आज ही ट्रंक चोरांनी उचलून नेली असती, तर त्यानं मारुतीला नारळ फोडला असता.

ट्रंक हवालदार धोंडप्पांची होती. तेर रस्त्यावरच्या माजी सैनिकांच्या या निवासात ते कैक वर्षं राहिले आणि गेल्या महिन्यात झोपेतच गेले. इथला रिवाज कडक होता. माणूस गेला की अंगावरची वस्तू न् वस्तू उतरवायची, ट्रंकेत घालून लाख लावायची आणि वारस आला की साक्षीदारासमोर ती फोडायची. बजरंगनं सगळं नेमानं केलं होतं. घड्याळ काढलं, गळ्यातली चांदीची करडगी, म्हणजे लिंग ठेवायची डबी, काढली. डाव्या हाताची मूठ तेवढी उघडेना. असली एखादी अंगठी आत तर असू दे, मेल्या माणसाची बोटं काय मोडायची, म्हणून त्यानं ती तशीच सोडली आणि साहेबांच्या कानावरही घातलं नाही.

सकाळी शांतलिंग माकणीहून परतला नसता, तर बजरंग आत्ता खुशाल तंबाखू मळत बसला असता. शांतलिंग इथलाच रहिवासी, धोंडप्पांसारखाच लिंगायत. महिनाभर लेकाकडं होता, साक्षीसाठी आला. आल्या आल्या त्यानं विचारलं,

"धोंडप्पाचं लिंग त्याच्यासंगं दिलंस न्हवं?"

"करडगी व्हय? ट्रंकेत हाय की. लेकीला द्यायची."

शांतलिंग मटकन खाटेवर बसला.

"आरं, आमच्यात लिंग माणसासंगं मातीत जातंय. जन्मल्यावर गळ्यात बांधतेत, ते शेवटपतूर. बिनलिंगाचा पुरलास व्हय रं त्याला?"

बजरंगच्या घरी बाप गेल्यावर देवघरातले टाक थोरल्या भावाकडं आले होते. हेही तसंच, बापाचा देव लेकीच्या देवघरात जाणार, असं धरून त्यानं ती डबी स्वच्छ फडक्यात बांधली होती. उघडून मात्र पाहिली नव्हती. दुसऱ्याच्या देवाला हात कशाला लावा? तेरहून लिंगायतांचे पुरोहित, जंगम, आले तेव्हा देह कापडात गुंडाळून झाला होता. "लिंग आहे ना?" असं त्यांनी विचारलंही होतं. डबी जपून ठेवली आहे ना, असं विचारतायत असं वाटून त्यानं जोरात मान हलवली होती.

"लेकीच्या भावकीला कळलं तर माती उकराया लावतील," शांतलिंग म्हणाला. "तुला तर उभा सोडायचे न्हाईत."

तेव्हापासून बजरंगची पाचावर धारण बसली होती. लाखेची कांडी आणि शिक्का त्याच्याच कपाटात होता. लाख फोडून करडगी काढून घेणं सोपं होतं. पण मग चांदी गेली म्हणून चोर ठरायची पाळी, आणि ठेवली तर म्हाताऱ्याची माती नासवल्याचं पाप. इकडं आड, तिकडं विहीर. शिवाय धोंडप्पा रोज आपल्या कपातला अर्धा चहा त्याला बशीत ओतून द्यायचे. त्या माणसाचं शेवटचं मीच नासवलं, हे त्याला सगळ्यात जास्त खात होतं.

दुपारी लेक आली. उमादेवी. बाप गेला तेव्हा ती सासऱ्यांना घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात होती. "मी पोचत नाही, तुम्हीच उरकून घ्या," असं तिनंच फोनवर सांगितलं होतं. आता ती खुर्चीच्या कडेला अवघडून बसली. निवासाचे प्रमुख रणधीर साहेब आणि शांतलिंग समोर बसले आणि बजरंगनं लाख फोडली.

स्वेटर निघाला. दाढीचा ब्रश, रेडिओ, घड्याळ निघालं. मग फडकं. बजरंगनं ते साहेबांच्या हाती दिलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

करडगी पाहताच उमादेवीचा चेहरा उतरला.

"ही इथं कशी?"

तिनं झाकण उघडलं. आत विभूतीचा पांढरा थर होता. बाकी काहीच नव्हतं.

"लिंग कुठंय?"

साहेबांनी सावकाश मान वळवून बजरंगकडं पाहिलं. ती नजर त्याला ओळखीची होती. कोठीतली साखर कमी भरली की साहेब असंच बघायचे. आता पापही माथी आणि चोरीही माथी.

"आमच्यात डाव्या तळहातावर ठेवतेत," उमादेवी बोलताना अडखळली. "माणूस गेला की. पोटच्या लेकरानं ठेवायचं असतंय. अप्पांच्या हातात कुणी ठेवलं? का ठेवलंच न्हाय?"

डावा तळहात. बजरंगला ती मूठ आठवली. म्हाताऱ्याला कळलं होतं. आपण चाललो आणि पोटचं कुणी पोचणार नाही, हे त्याला कळलं होतं. त्यानं स्वतःच करडगी उघडली, स्वतःच्या हातावर लिंग ठेवलं, मूठ मिटली आणि पडून राहिला.

एवढं सांगितलं की बजरंग सुटत होता. त्यानं तोंड उघडलंही. पण उमादेवीचा हात पदराआड, स्वतःच्या गळ्यातल्या करडगीवर होता आणि ती त्याच्याकडं जीव मुठीत धरून बघत होती.

"म्या ठेवलं, ताई," तो म्हणाला. "तुमचं नाव घेऊन ठेवलं. मूठ घट्ट मिटली व्हती त्यांची."

उमादेवीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली.

"अंगावरची वस्तू साक्षीदाराशिवाय बाहेर द्यायची नाही, हे ठाऊक असून?" साहेबांचा आवाज चढला. "यात नोकरी जाते, बजरंग."

"व्हय, साहेब."

"आणि हे तुला सांगितलं कुणी? तू तर त्यांच्यातला नाहीस."

शांतलिंग खाली मान घालून बसला होता. त्यानं आधी बजरंगकडं पाहिलं, मग रिकाम्या करडगीकडं.

"म्या सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "माकणीहून, फोनवर."