साखर जास्त झालेलं दही

"बूट घालू नकोस गं अजून! थांब जरा!" पद्माताई स्वयंपाकघरातूनच ओरडल्या. वाटीतलं दही त्यांनी तळहातावर घेऊन चाखलं. छे! या मेल्या ऑस्ट्रेलियातल्या साखरेत काही दमच नाही. त्यांनी आणखी एक चमचा टाकला, ढवळलं, मग अजून एक.

दारात इत्सेल उभी होती, पाठीवर रॅकेट्सची भली मोठी बॅग. मूळची मेक्सिकोतल्या मोरेलियाची. ज्युनिअर स्पर्धा खेळायला सिडनीत आली आणि कोविडने विमानं बंद केली. तिचा कोच मिळेल त्या विमानाने पळाला. 'पुढच्या महिन्यात सगळं सुरू होईल' असं हिला सांगून गेला, शहाणा! टेनिस अकॅडमीने विद्यार्थी म्हणून तिचा व्हिसा वाढवून घेतला आणि टूनगॅबी उपनगरातल्या या घरामागच्या खोलीत तिची सोय केली. पद्माताई तरी कुठे वेगळ्या होत्या? पुण्याहून मुलाकडे उन्हाळ्यापुरत्या म्हणून आल्या, त्या इथल्याच झाल्या. दोघींनी अंगणात बसून मटार सोलले, एकमेकींची भाषा मोडूनतोडून शिकल्या.

त्या काळात इत्सेलचं ज्युनिअरचं वय संपून गेलं, इथे एकही स्पर्धा न खेळता. आता एकदम मोठ्यांत, व्यावसायिक खेळाडूंत उतरायचं होतं. व्हिक्टोरियातल्या एका लहानशा स्पर्धेत तिला कशीबशी जागा मिळाली होती. एक मॅच जिंकली तर अकॅडमी तिला ठेवून घेणार होती. नाहीतर व्हिसा संपला की घरी, वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात.

म्हणून सुनेने, मंजिरीने, आठवडाभर कडक नियम केला होता. ती वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स. "आई, इत्सेलच्या जवळ कुणीही जायचं नाही. स्पर्धेच्या गेटवरच कोविडची टेस्ट घेतात. जेवण पायरीवर ठेवायचं." पद्माताईंनी तो पाळलाही. पण निघणाऱ्या पोरीला दही-साखर काय पायरीवर ठेवून द्यायची? कालपासून घसा खवखवत होता, त्याचीही त्यांनी वाच्यता केली नव्हती. हळद-दूध प्यायल्या आणि गप्प बसल्या. ऐन निघायच्या दिवशी मोडता कशाला घालायचा?

"आजी, हात!" इत्सेलने उजवा तळवा पुढे केला. डावा चालत नाही, हे तिला आता ठाऊक होतं. पद्माताईंनी त्यावर दही घातलं. तिने चाटलं आणि डोळेच मिटून घेतले.

"ओ गॉड, आजी! टू स्वीट! किती साखर?"

"अगं, कुठे गोड आहे?"

इत्सेल खळखळून हसली, त्यांच्या गळ्यात पडली. बाहेरून मुलाने, गुरुदत्तने, हॉर्न वाजवला. "आई, आवर गं, फ्लाइट चुकेल!" "येते," इत्सेल म्हणाली. 'जाते' म्हणायचं नाही, हे पद्माताईंनीच शिकवलं होतं.

दारातच त्यांनी वाटी बोटाने पुसून चाखली. नुसतं गार लागलं. हाक मारायला तोंड उघडलं, पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. गाडी कोपऱ्यावरून वळली.

फोन आला तेव्हा इत्सेल आधी स्पॅनिशमध्येच रडत होती. टेस्ट पॉझिटिव्ह. तिला मोटेलच्या खोलीत बंद केलं होतं, आणि तिच्या जागी जी मुलगी खेळली तिला इत्सेलने पूर्वी ज्युनिअरमध्ये सहज हरवलं होतं. मंजिरीने घरातल्या सगळ्यांची टेस्ट केली. पद्माताईंच्या काडीवरच्या दोन रेषा बघून ती खुर्चीत बसली.

"मला त्या दिवशी चवच लागत नव्हती गं," पद्माताई म्हणाल्या.

"आई, मग एक हाक मारायची ना! निदान गाडीत तरी बसली नसती, तिथे जाऊन सगळ्यांसमोर असं..."

"निघालेल्याला मागून हाक मारतात का?"

मंजिरी उठून काडी कचऱ्यात टाकायला गेली. पद्माताईंना मात्र रडू आवरेना.

व्हिसा संपला. इत्सेल घरी जायला निघाली. या वेळी पद्माताई दारापाशी आल्याच नाहीत, स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या राहिल्या. इत्सेलच आत आली, अनवाणी.

"आजी, हात."

"नको गं बाई. माझ्या हातचं नको."

तळवा तसाच पुढे राहिला. शेवटी त्यांनी दही काढलं आणि साखरेचा डबा तिच्यासमोर सरकवला. "तूच घाल. मला अजून कळत नाही."

इत्सेलने त्यांच्याकडे पाहिलं. मग एकच चमचा साखर घातली, ढवळलं आणि वाटी त्यांच्या हातात दिली. पद्माताईंनी तिच्या तळव्यावर दही घातलं.

"बरोबर आहे," ती चाटून म्हणाली. "येते."

गाडी सुरू झाली. पद्माताई चप्पल न घालताच तापलेल्या फरशीवरून बाहेर धावल्या.

"इत्सेल!"

गाडी थांबली. काच खाली आली. "काय, आजी?"

त्यांना सांगायचं काहीच नव्हतं. हाक तेवढी मारायची राहिली होती.