आकारामचा आवाज

आकारामच्या घशाचं मिरजेला ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज कायमचा गेला. फौजेच्या सिग्नल पलटणीत असताना अख्ख्या बराकीला हसवणारा हा गडी. कडेगावच्या घरी आला तो भिंतीकडे तोंड करून पडला. दुखण्यानं उजवा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता. त्याची बायको राहीबाई पाणी द्यायची, अंग पुसायची. तो तिच्याकडं बघायचाही नाही.

पलटणीतला त्याचा सोबती नाथाजी इस्लामपूरला साखर कारखान्यात वीजकामाला होता. पेन्शनीत आल्यावर दोघांनी हौशी रेडिओचं लायसन काढलं होतं. रोज संध्याकाळी दोघं आपापल्या घरून वायरलेसवर गप्पा मारायचे. आता आकारामचा टेबलावरचा सेट धूळ खात होता. तिथवर जाऊन त्याला बसवतच नव्हतं.

नाथाजीनं रजा टाकली आणि पुण्याला एका इंजिनिअरांकडं गेला. ते घरीच रेडिओ बनवत. त्यांनी हातात धरायचे तीन सेट पुढं ठेवले. नाथाजीनं आकारामसारखा उजवा हात टॉवेलनं अंगाशी बांधून घेतला आणि सरळ बाकावर उताणा झाला. जपानी सेट देखणा होता, पण त्याची बारीक बटणं एका हातानं फिरेनात. फौजेतून मोडीत निघालेला सेट छातीवर धोंड्यासारखा बसला. तिसरा पत्र्याच्या डब्यात बसवलेला, हलका. त्याला दारावरच्या घंटीसारखं एकच बटण.

"यातून आवाज जात नाही हं," इंजिनिअर म्हणाले. "नुसतं मोर्स जातं, लांब-आखूड शिट्ट्यांची भाषा. तुम्हाला बोलायचा सेट हवा ना?"

"बोलायला त्याच्यापाशी आवाजच राहिला नाही, साहेब. मोर्स आम्हाला पलटणीपासून येतं. हाच द्या."

कडेगावला येऊन नाथाजीनं परसातल्या लिंबावर एरियलची तार चढवली, तिचं टोक खिडकीतून आत घेतलं आणि सेट आकारामच्या डाव्या हातात दिला. आकारामनं बटणावर अंगठा ठेवला. मग डब्यातून बारीक शिट्ट्या निघायला लागल्या, तुटक, मग भराभर. नाथाजी एकदम हसला.

"काय म्हणत्यात?" राहीबाईनं विचारलं.

"मला शिव्या देतोय, वैनी. इतक्या दिसांनी आलास म्हणून."

तेव्हापासून रोज संध्याकाळी कडेगावहून शिट्ट्या यायच्या आणि इस्लामपुरात नाथाजी उत्तर द्यायचा. आकाराम उशीला टेकून बसायला लागला. चार घास जास्त खायला लागला.

पुढच्या खेपेला नाथाजी आला तेव्हा राहीबाई त्याला परसात घेऊन गेली.

"भाऊजी, तुमी लय उपकार केलं. पर एक सांगू? ह्ये तुमच्यासंगं बोलत्यात, हसत्यात. मी उशाला बसून नुसती टुकटुक ऐकती. त्यो डबा बंद झाला की पुन्यांदा भिंतीकडं तोंड. माझ्याशी बोलायला ह्यास्नी कायबी न्हाई का?"

नाथाजी तिला घेऊन आत गेला आणि आकारामशेजारी बसला.

"आक्या, वैनी इथं बसल्यात. तू बटण दाब, मी बोलून दाखवतो. मधलं एक अक्षर गाळणार न्हाई."

आकारामनं मान हलवली. नको. नाथाजी उठला नाही. मग शिट्टी वाजली, थांबली, परत वाजली. नाथाजी भिंतीकडं बघत एकेक शब्द बोलू लागला.

"राही. मी फौजेत. तू एकटी राबलीस. सुट्टीत गावभर बोलत हिंडलो. तुझ्यापाशी बसलो न्हाई. आता बसलोय तर आवाज न्हाई. तुझ्याकडं बघायची लाज वाटती."

राहीबाईनं पदर तोंडाला लावला.

"भाऊजी, त्यास्नी सांगा..."

"वैनी, त्याला ऐकू येतंय."

मग ती नवऱ्याकडं वळली. "मला समदं ठावं हाय. लाज कसली आलीया? तोंड हिकडं करा म्हंजे झालं."

आकारामनं तोंड वळवलं. नाथाजी बाहेर येऊन ओट्यावर बसला.

त्यानंतर तो दर सुट्टीला जायचा. नवरा-बायकोचं बोलणं त्याच्या तोंडून व्हायचं. लग्नातली भांडणं, मेलेली पहिली पोरगी, कुणासमोर कधी न काढलेलं सगळं. नाथाजी मध्ये थांबायचा नाही. थांबला तर आकाराम बटणावरचा अंगठा उचलायचा.

ऊसतोड सुरू झाली आणि दुखणं फुफ्फुसात उतरलं. अंगठ्यात जोर राहिला नाही. शिट्ट्या लांबत गेल्या, अक्षरं लागेनात. एका सकाळी आकाराम राहीबाईच्या मांडीवर गेला. तेव्हा नाथाजी कामावर होता.

दिवसकार्य झाल्यावर नाथाजी लिंबावरची तार उतरवायला आला. राहीबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि समोर बसली.

"शेवटाला ह्ये कायतरी दाबत व्हतं," ती म्हणाली. "मला कळंना. तुमी नव्हता. मी आपली व्हय व्हय म्हणत बसले."

नाथाजीनं मान खाली घातली. आकारामचं बोलणं इतके दिवस तो घडाघडा बोलत आला होता. आज स्वतःचा एक शब्द त्याला सापडत नव्हता.

"च्या निवतोय," राहीबाई म्हणाली.

त्यानं बशी उचलली. चहा मांडीवर सांडला. तिनं फडकं आणून दिलं.